लोटा आण

जव्हारच्या एसटी स्टँडासमोर मोबाइलचं एक दुकान आहे. डिसेंबर लागला की दुकानदार काचेवर आतून कापूस चिकटवतो, वर लाल कागदाची टोपी टांगतो आणि मोठ्या टीव्हीवर कोल्ह्यांचं कार्टून लावून देतो. कोल्हा, कोल्हीण आणि त्यांची पिल्लं. घर लाल विटांचं, बाहेर बर्फ पडतोय, आत चूल पेटलेली. पिल्लं खिडकीला नाक लावून गातात, की बर्फ पडायला लागला, तुम्ही जिथं असाल तिथून परत या. नाताळच्या सणाचं गाणं आहे. हिंदीतून आहे. दिवसभर वाजतं.

मी समोरच्या दुकानात बसते. आमच्याकडे झेरॉक्स निघतं आणि फॉर्म भरून मिळतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डात नाव घालणं, काढणं. मी बी.ए. आहे. आमच्या पाड्यावरची पहिली. हे मी आधीच सांगून टाकते, कारण लोक विचारतात तेव्हा मला ते सांगायला आवडतं, आणि या लेखात पुढं ते मला तितकं आवडणार नाही. फॉर्म भरण्यात माझी चूक होत नाही. वर्षाचे अकरा महिने होत नाही. डिसेंबरात होते. समोर ते गाणं लागतं आणि मी आईच्या नावाच्या रकान्यात मुलीचं नाव लिहून बसते. मालक म्हणतात, "मॅडम, थंडी डोक्यात गेली काय?" मी म्हणते, "हो, गेली." आणि कागद फाडून नवा घेते.

थंडी आमच्याकडे चांगली असते. पठारावरची थंडी. सकाळी तोंडातून वाफ निघते, नागलीच्या काडावर दव इतकं असतं की चालताना पोटऱ्या भिजतात. भात झोडून झालेलं असतं. खळ्यावर कोंडा आणि पाखरं तेवढी उरतात. वरईचा भात, वालाच्या शेंगा, कुडाच्या भिंतीला टेकवलेले पेंढ्याचे भारे, आणि कुठून तरी येणारा तारपा फुंकल्याचा आवाज. वर्षातले पोटभर खायचे दिवस हेच. आणि नेमक्या याच दिवसांत आमचे पाडे रिकामे होतात. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते, आणि माणसं वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडं, वसईकडं, जिकडं गाडी नेईल तिकडं. नंतर पाऊस दिसायला लागला की परत.

म्हणजे जगात कुठं तरी अशी माणसं आहेत की ती डिसेंबरात घरी येतात. आमची डिसेंबरात घर सोडतात. ते गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला एवढंही सुचलं नव्हतं. मला तेव्हा फक्त शब्दांचे उच्चार सुचत होते.

ती गोष्ट आठ वर्षांपूर्वीची. आमचा पाडा साखरशेतच्या अंगाला. शाळा चौथीपर्यंत, खोली एक, गुरुजी एक. त्या वर्षी कुठल्याशा संस्थेनं शाळेला टीव्ही दिला, छपरावर सोलरची पाटी बसवली आणि एक पेन ड्राइव्ह दिला. पेन ड्राइव्हमध्ये पाढे होते, शरीराचे अवयव होते, आणि का कोण जाणे, हे एक कोल्ह्यांचं कार्टून होतं. पोरांनी पाढे एकदा पाहिले. कोल्हे रोज.

माझी धाकटी बहीण सुनी तेव्हा चौथीत होती. दहा वर्षांची. मी वीस वर्षांची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, जव्हारच्या वसतिगृहात. आमच्यामध्ये दोन भाऊ झाले होते, ते राहिले नाहीत. मी शनिवारी जीपनं घरी आले की सुनी मला वाटेतच गाठायची आणि जीपच्या मागच्या पायरीवरून मी उतरायच्या आत गाणं सुरू करायची. असं तोंडपाठ, की एक श्वास इकडचा तिकडं नाही. हिंदीचा तिला गंध नव्हता. घरात आम्ही आमची बोली बोलतो, शाळेतलं मराठीच पोरांना परकं, त्यात हे हिंदी. पण सूर ऐकून ऐकून बसलेला.

एकदा आई चुलीपुढं भाकरी थापत होती, मी वाल सोलत होते, आणि सुनी अंगणात उभी राहून हातवारे करून गात होती. "बर्फ गिरी हाय, लोटा आण. रात घिरी हाय, लोटा आण."

मी म्हटलं, "काय आण?"

"लोटा."

"लोटा कशाला?"

सुनीनं माझ्याकडं असं पाहिलं, की कॉलेजात जाऊन हिचं डोकं गेलं. "ताय, ती कोल्ह्याची मानसा लांबून घरा आली ना? मंग पाय धुवाला पानी नको?"

मला हसू आवरेना. मूळ शब्द होते 'लौट आ ना'. परत ये ना. पोरांनी ऐकलं 'लोटा आण'. आणि नुसती सुनी नाही, सगळी शाळा तसंच गात होती. आमच्याकडे माणूस बाहेरून आलं की दारातच पाण्याचा लोटा पुढं करतात. जीपमधून आलेलं असो, रानातून आलेलं असो, भांडून गेलेलं असो. आधी लोटा, मग काय ते बोलणं. तेव्हा कार्टूनमध्ये बर्फ तुडवत कोल्ह्याचा काका आला, आत्या आली, दार उघडलं, आणि सगळे एका सुरात ओरडले, तर ते दुसरं काय ओरडणार?

मी शिकलेली. मला चूक दिसली की राहवत नाही. मी सुनीला जवळ बसवून समजावलं. लौट म्हणजे परत. आ ना म्हणजे ये ना. नीट बोल, लौट, आ, ना. तिनं दोनदा बोलून दाखवलं. भाकरी उलटेपर्यंत तव्याकडं बघत बसली. आणि मग म्हणाली, "आन लोटा कोन आनेल मंग?"

आई चुलीकडं तोंड करून हसली. म्हणाली, "तुझी ताय आनेल. बीए हाय ती."

एका रविवारी सोलर चार्ज होती म्हणून गुरुजींनी मोठ्या माणसांनाही कार्टून दाखवायला बोलावलं. आई दारातच उकिडवी बसली. तिला कोल्ह्याची टोपी मानवेना. "कोल्ह्यान कोंबडी खायाची टाकून गाना कसा बोलतं?" म्हणाली, आणि शेवटपर्यंत तिचा कोल्ह्यावर विश्वास बसला नाही. बाबा मात्र पुढं सरकून बसले. ते कोल्ह्यांकडं बघतच नव्हते. ते घराच्या भिंती बघत होते. गाणं संपलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा बाबा शेजारच्याला म्हणाले, "इटा बेस भाजल्यात. एक कच्ची नाय."

सुनीचंही तसंच. बर्फ म्हणजे काय ते मी तिला सांगितलं होतं. आकाशातून पडतो, थंड असतो, हातात घेतला की पाणी होतो. तिनं ऐकून घेतलं. पण मला कळत होतं की तिला पटलेलं नाही. कार्टून लागलं की ती मला कोपरानं ढोसायची. वर धुराडं, त्यातून धूर, आणि खाली पांढरं पांढरं भुरभुरतंय, घरावर, झाडावर, पोरांच्या डोक्यावर. "भट्टीची राख हाय ती," ती माझ्या कानात म्हणायची. "मी बघलीय." सहा वर्षांची होईपर्यंत ती आईबापाबरोबर भट्टीवर जात होती. नंतर आजीनं तिला ठेवून घेतली. दरवर्षी दिवाळीनंतर आईबाबा जायचे, आणि आजी आणि सुनी घरात राहायच्या. म्हणून तिची शाळा सुटली नव्हती. माझं वेगळं होतं, मला पहिलीतच आश्रमशाळेत टाकलं होतं. मी भट्टी फारशी पाहिलीच नाही.

त्या पावसाळ्यात आजी गेली.

घरात कोणी बोललं नाही, पण दसऱ्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं की या खेपेला सुनीजवळ राहायला कोणी नाही. गुरुजी दोनदा येऊन गेले. चौथीचं वर्ष, पोरगी हुशार, पाचवीला आश्रमशाळेत घालू, जूनपर्यंत कशी तरी थांबवा. बाबा ऐकून घ्यायचे. गुरुजींसाठी कोरा चहा व्हायचा. मुकादमाला मात्र शब्द दिलेला होता. चुलते-मालते सगळे जाणारे होते. एकट्या दहा वर्षांच्या पोरीला कुडाच्या घरात कोण ठेवणार?

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी परत वसतिगृहात निघाले होते. बाबा जीपपर्यंत पिशवी घेऊन आले. जीप दिसली तेव्हा म्हणाले, "तू राहशील का हिचेजवळ?"

मी म्हटलं, "माझी परीक्षा हाय जानेवारीन."

ते म्हणाले, "मंग झाला."

एवढंच. रागावून नाही. त्यांनी पिशवी जीपच्या टपावर चढवली, काथ्यानं बांधली, ओढून पाहिली.

आता मी जे लिहिते ते आठ वर्षांत कुणाला बोलले नाही. साखरशेतवरून जव्हारला रोज जीप होती. सकाळी एक जायची, संध्याकाळी एक यायची. कधी चुकली असती, कधी मोडली असती, चार तास बुडाले असते. पण जाता आलं असतं. घरी राहून, सुनीला शाळेत पाठवून, मी बी.ए. झाले असते. टक्के थोडे कमी पडले असते. मला जीप अडवत नव्हती. वसतिगृहात माझी एक खाट होती. डोक्यावर बल्ब होता, रात्री हवा तोवर लावायचा. तीन मैत्रिणी होत्या, त्यांच्याशी मी पुस्तकातलं मराठी बोलायचे आणि त्या माझ्या बोलण्याला हसायच्या नाहीत. मला त्या कुडाच्या घरात परत जायचं नव्हतं. 'लौट आ ना'चा अर्थ पोरीला बसवून शिकवला तो मीच, आणि मला परत यायचं नव्हतं.

नाताळच्या कार्यक्रमाची तयारी सुरू झाली. आमच्या पाड्यावर कोणी नाताळ करत नाही, गुरुजीही करत नाहीत. पण पोरांना गाणं येत होतं, आणि गाणं त्या दिवसाचं होतं. तेवढ्यावर गुरुजींनी ठरवलं. सुरुवातीला सोळा पोरं होती. कोल्ह्याचं सगळं घराणं, शिवाय दोन झाडं आणि एक चंद्र. मग एक गाडी आली आणि चंद्र गेला. आठवड्यानं दुसरी गाडी आली, झाडं गेली, आत्या गेली. गुरुजी वहीत नावं खोडायचे आणि कामं वाटून द्यायचे. सुनी कोल्हीण होती, म्हणजे आई. मी आले की ती मला गुरुजींसारखं तोंड करून दाखवायची, "आता तू काका. तू काका आन आत्या दोनी." आमची गाडी कार्यक्रम झाल्यावर येणार होती. बाबांनी मुकादमाकडून तेवढं मागून घेतलं होतं.

पंचवीस तारखेला सकाळी मी जव्हारहून निघाले. सुनीच्या टोपीसाठी कापूस घेतला होता आणि लाल रिबीन. जीपमध्ये गर्दी नव्हती. डिसेंबरात आमच्या बाजूच्या जीपला गर्दी नसतेच. फाट्यावर उतरले. वाटेत कोणी नाही. गाणं नाही. म्हटलं, शाळेत असेल, तयारीत असेल.

घराचं दार तारेनं बांधलेलं होतं. आईनं अंगण सारवलं होतं. ओलं नव्हतं, दोन दिवसांचं सुकलेलं. कोंबड्यांची डालकी उपडी. पेंढ्यावर काट्याच्या फांद्या टाकलेल्या, गुरं लागू नयेत म्हणून. आणि दाराशी, उंबऱ्याला लागून, लोटा उपडा ठेवला होता.

दोन दिवस आधीच गाडी आली होती. भट्टी लावायची घाई होती. मुकादम म्हणाला, आज येणार तर या. हे मला शेजारच्या म्हाताऱ्यानं सांगितलं. त्याचे पाय काम देत नव्हते म्हणून तो मागं राहिला होता. म्हणाला, "सुनी टोपी घालूनच बसली गाडीन. आय 'काढ ना' बोलली तरी नाय काढली."

मी शाळेत गेले. कार्यक्रम झाला. चार पोरं होती, तीही गुरुजींनी शेजारच्या पाड्यावरून चालवत आणलेली. बघायला तो म्हातारा, एक म्हातारी, आणि मी. पोरांनी गाणं म्हटलं. मी सुनीला शिकवलं होतं, सुनीनं बाकीच्यांना, आणि गुरुजींनी वर घोटून घेतलं होतं. चारही पोरांनी स्वच्छ म्हटलं, लौट आ ना. एकाचीही चूक झाली नाही. मी पिशवीत हात घालून कापूस धरून बसले होते.

जूनमध्ये ती परत आली. हाताचे तळवे खरखरीत, केस राखेनं भुरे. गुरुजी आले, म्हणाले, चौथी पुन्हा बसू दे, मग आश्रमशाळा बघू. पण लावणी तोंडावर होती, आईला ताप होता, आणि मी तेव्हा निकालाची वाट बघत जव्हारलाच होते. दिवाळीनंतर गाडी आली तेव्हा ती न सांगता चढली. शाळेतून मूल एकदम जात नाही. आधी हजेरीतून जातं, मग पाटीवरून, मग गुरुजींच्या तोंडून. शेवटी गुरुजीही बदलून गेले.

मी पास झाले. दुसरा वर्ग. पाड्यावर लोक मला बघायला आले होते, त्यात लाजण्यासारखं काही नाही, मला अभिमान वाटला आणि आजही वाटतो. बाबांनी पदवीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला टांगला. खाली चूल. दोन पावसाळ्यांत पिशवी धुरानं अशी पिवळी झाली की आतलं नाव दिसेना. मी म्हटलं, काढा, मी खोलीवर नेते. बाबा म्हणाले, "राहू दे. घरान काय तरी पाहजे."

ही आठ वर्षं. आता या डिसेंबरचं सांगते.

गेल्या महिन्यात आमच्या दुकानात एक बाई आली. पस्तिशीची असेल. शाळा सुटलेल्यांना बाहेरून परीक्षा देता येते, तो फॉर्म भरायचा होता. मी भरून दिला. ती गेल्यावर मी कोऱ्या फॉर्मची आणखी एक प्रत काढली आणि माझ्या खणात ठेवली. चार दिवस ठेवली. पाचव्या दिवशी समोर कापूस चिकटवला आणि गाणं सुरू झालं. मालकांना म्हटलं, नाताळला धरून दोन दिवस रजा द्या. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही कधीपासून नाताळ करायला लागलात?"

फॉर्मवर सुनीचं नाव लिहून ठेवलं होतं. जन्मतारीख, गाव, तालुका. शेवटची इयत्ता, चौथी. सहीची जागा तेवढी मोकळी. दोन पुस्तकंही घेतली होती. भिवंडीकडं, आमच्या माणसांच्या भट्टीच्या फाट्यावर उतरले तेव्हा दुपार उलटत आली होती. पुढं कच्च्या रस्त्यानं चालत. आधी वास येतो. ओल्या मातीचा, कोळशाचा, आणि कशाचा तरी जळका, नाकात बसणारा. मग दूर धूर दिसतो. मग विटांच्या रांगा, वाळत घातलेल्या, शेतासारख्या, नजर जाईल तिथपर्यंत. वारा होता. माझ्या ओढणीवर काही तरी पांढरं पडलं. मी झटकलं तर पसरलं.

झोपड्या रचलेल्या विटांच्या होत्या, वर प्लॅस्टिक. पुढं सात-आठ पोरं खेळत होती. त्यांनी मला लांबून पाहिलं. चप्पल, पर्स, ओढणी. एक पोर ओरडलं, "कोन तरी आला," आणि सगळी माझ्याकडं धावली. धावता धावता गायला लागली.

"बर्फ गिरी हाय, लोटा आण. रात घिरी हाय, लोटा आण."

मी होते तिथं थांबले. सूर तोच. कुठं श्वास घ्यायचा तेही तसंच. आणि झोपडीतून एक मोठी मुलगी वाकून बाहेर आली, हातात लोटा. अठरा वर्षांची. कोपरापर्यंत माती. डोक्याला फडकं बांधलेलं, त्यातून निघालेले केस राखेनं पांढरे.

"ताय," सुनी म्हणाली. "पाय धू आधी."

मी पाय धुतले. पाणी थोडं होतं, तिनं ते बेतानं ओतलं. पोरं गोल करून बघत होती. मी म्हटलं, "हे तू शिकवलंस?"

"रोज सांजचा बोलतू आमी. कोन आला की बोलतू. नाय आला तरी बोलतू."

"मी तुला नीट सांगितलं होतं ना गं?"

"सांगलास." ती हसली. "पन तुझा काय उपेगान ना आला."

आई पलीकडं माती मळत होती, तिनं हात वर केला, आली नाही. बाबा झोपडीच्या सावलीत आडवे होते. त्यांची कंबर दोन वर्षं झाली गेलीय. उकिडवं बसून विटांचा साचा मारणं आता त्यांच्यानं होत नाही. आई माती करते, सुनी साचा मारते. बाबा वाळलेल्या विटा उभ्या करतात, तेवढंच. हे मला ठाऊक होतं. पण बघितलं नव्हतं. बाबा म्हणाले, "जेवलीस?" आणि मी हो म्हटल्यावर पुन्हा डोळे मिटले.

मी फॉर्म काढला. सुनीनं हात धुतले, पुसले, मग कागद घेतला. बराच वेळ बघत राहिली. पुस्तक उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि बोट तिथंच राहिलं. पहिलं अक्षर तिनं ओळखलं. दुसऱ्याला लागून काना होता, वर मात्रा होती. तिथं ती अडकली. जी पोरगी चौथीत कविता तोंडपाठ म्हणायची, ती.

"इसरली," म्हणाली. लाज नव्हती त्यात. जसं कोणी म्हणावं, मीठ संपलं.

"येईल परत. चल माझ्याबरोबर जव्हारला. माझ्या खोलीत राहा. मी शिकवते."

"आन साचा कोन मारेल?"

मी पुस्तक मिटलं. ती भट्टीकडं बघत होती, मग माझ्या हातांकडं बघितलं. माझे हात स्वच्छ आहेत. उजव्या बोटाला शाईचा डाग असतो, तो साबणानं जातो.

"तू राहशील का माझे जागंला?" सुनी म्हणाली. "पाऊस लागंपर्यंत. मी जाईन तुझे खोलीन, शिकून येईन."

ती चेष्टेत म्हणाली की खरंच, ते मला आजही सांगता येणार नाही. तिच्या तोंडावर हसू होतं. पण ती थांबली होती. फॉर्म दोन्ही हातांत धरून. पोरंही जवळ सरकली, त्यांना काय कळलं कोण जाणे. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते मी शुद्ध मराठीत बोलले.

"मला दोनच दिवसांची रजा आहे."

"मंग झाला," सुनी म्हणाली.

अगदी बाबांसारखं. रागावून नाही. तिनं फॉर्मची नीट घडी केली, पुस्तकात घातली, दोन्ही पुस्तकं माझ्या पर्सवर ठेवली. म्हणाली, राखंनं खराब होतील. मग एका लहान पोरीनं तिची ओढणी ओढली आणि माझ्याकडं बोट दाखवून काही विचारलं. सुनी म्हणाली, "तूच इचार. शिकेल हाय ती."

पोरगी पाच-सहा वर्षांची. नाक वाहणारं. तिनं धीर करून मला विचारलं, "ताय, हा गाना बरोबर हाय का?"

आठ वर्षांपूर्वी मी चुलीपुढं बसून लगेच सांगितलं होतं. आता सुनी माझ्याकडं बघत होती, रिकामा लोटा कमरेला लावून.

"बरोबर हाय," मी म्हटलं.

शेवटची एसटी साडेपाचची होती. आईनं हात धुवून, जवळ येऊन माझा गाल अलगद, मनगटाच्या मागच्या बाजूनं पुसल्यासारखा केला, माती लागू नये म्हणून. सुनी विटांच्या रांगेपर्यंत आली आणि तिथून परत फिरली, मळलेल्या मातीचा गारा वाळत होता. मी कच्च्या रस्त्याला लागले. पुस्तकं जड नव्हती. बाजूच्या वाळलेल्या विटांवर कुत्र्याच्या पायांचे ठसे उमटले होते, आणि एका विटेवर लहान मुलाचा पाय. त्या विटा अशाच भाजतील, कुणाच्या तरी भिंतीत जातील.

बरीच पुढं आल्यावर मागं पोरांनी पुन्हा गाणं सुरू केलं. कोणी येत नव्हतं. मी जात होते. वारा त्यांच्याकडून माझ्याकडं होता, आणि वाऱ्यात शब्दांचे कोपरे झिजून जातात. तिथं ते जे काही गात असतील ते गात असतील. इतक्या लांबून, आठ वर्षांत पहिल्यांदा, मला ते बरोबर ऐकू आलं.

लौट आ ना.

मी पाय उचलले. एसटी चुकली असती.